यादीच्या मागे धावणारा कायदा

पोरांमधल्या नशेबद्दल एकांनी म्हटलंय, अमली पदार्थांविरुद्ध कायदा आहेच, पोलिसांनी फक्त राबवावा. मला हे पूर्ण पटत नाही. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, पदार्थांच्या यादीवर चालतो. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा प्रयोगशाळेत बनणारा नशेचा पदार्थ, त्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोवर ते पोरांच्या हातात पोचलं होतं. रेणूत थोडा फेरफार केला की पुन्हा नवा पदार्थ, पुन्हा नवी अधिसूचना. म्हणून एकेका नावाऐवजी अख्ख्या रासायनिक कुळावरच बंदी हवी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या आपल्या शिंदे गावात एमडीचा कारखानाच सापडला, तेव्हा पोटात गोळा आला होता.

पालकांसाठी एक: याच कायद्याचं कलम ६४अ वाचा. थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर खटल्यातून सूट मिळते. भीतीपोटी पोराला घरात लपवून ठेवू नका.