सच्छिद्र, रंध्री की आणखी काही?

मृण्मयी: वायू साठवण्यासाठी घडवलेल्या रेण्वीय पदार्थांवरचा लेख मराठीत आणतेय. ‘सच्छिद्र घनपदार्थ’ लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, ‘भोकं असलेल्या वस्तूत वायू टिकेल कसा?’ शंका रास्त वाटली. हे रेणू पिंजऱ्याच्या घडणीचे आहेत: आत पोकळी, तिला खिडक्या. दुसरा शब्द आहे का?

जुना रसायनी: रुळलेला शब्द का सोडायचा? टाकीची भिंत अभेद्यच असते, सच्छिद्र असतो तो आत भरलेला पदार्थ. वायूचे रेणू पोकळीच्या भिंतींकडे ओढले जाऊन दाटीने बसतात, म्हणून मध्यम दाबाला रिकाम्या टाकीपेक्षा जास्त वायू मावतो. हायड्रोजन नुसता कोंबायचा तर मोटारीच्या टाकीत 700 बार दाब लागतो. हे एक वाक्य आधी घाला, शंका तिथेच मिटेल.

अपभ्रंश: शिवाय सच्छिद्र म्हणजे सत् + छिद्र, चांगली छिद्रं असलेलं. इथे चपखलच!

तत्सम: नाही हो. स + छिद्र. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की मध्ये च् येतो, पाणिनीचं ‘छे च’ हे सूत्र. वृक्षच्छाया तशीच. उलट छिद्र म्हणजे दोष, उणीव. ‘छिद्रान्वेषी’त तोच अर्थ आहे. त्यापेक्षा रंध्र घ्या. पर्णरंध्रातून वायूंची ये-जा होतेच.

गवाक्ष: रंध्र म्हणजे शेवटी वाटच, साठा नव्हे. आणि मृण्मयीताई, पोकळ्या दोन जातीच्या असतात. एक पिंजऱ्याच्या पोटातली, रेणूची अंगभूत. दुसरी रेणू स्फटिकात रचले जाताना मध्ये राहून गेलेली. रेणूंचा कल एकमेकांत घट्ट बसण्याकडे असतो, त्यामुळे आतला द्रावक काढला की ही दुसरी पोकळी पुष्कळदा ढासळते. ती टिकावी म्हणून मुद्दाम ताठ आणि अडनिड्या आकाराचे रेणू निवडतात. ‘सच्छिद्र’ या एका शब्दाखाली हा फरक झाकला जातो.

जुना रसायनी: मापही पाहा. 2 नॅनोमीटरपेक्षा अरुंद ते सूक्ष्मछिद्र, 50 पर्यंत मध्यम, पुढे स्थूल. मिथेनचा रेणू साधारण 0.38 नॅनोमीटरचा. या मापाला ‘भोक’ म्हणवत नाही.

सरळसोट: सरळ ‘पोरस’ लिहा की! 2025 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलनंतर किटागावा, रॉबसन आणि याघी यांच्या सच्छिद्र पदार्थांना सगळे ‘मॉफ’च (MOF, मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क) म्हणतात. ‘धातू-सेंद्रिय चौकट’ कोण म्हणतं?

तत्सम: मी म्हणतो. आपणच वापरला नाही तर शब्द रुळणार कसा? आणि ताई, लेखात ‘वायू शोषला जातो’ असेल तर तेही बदला. शोषण म्हणजे आत भिनणं, हे अधिशोषण, म्हणजे पृष्ठभागावर धरलं जाणं.

सरळसोट: ‘अधिशोषण’ वाचून लोकांना ‘अधिक शोषण’ वाटतं. स्वानुभव आहे, भाषणानंतर एकाने तसंच विचारलं होतं.

अपभ्रंश: मग पृष्ठशोषण. किंवा साधं ‘चिकटणं’.

गवाक्ष: चिकटणं नको. दाब उतरला की वायू सुटला पाहिजे, सगळी करामत त्यातच आहे. ओढ कमी पडली तर वायू थांबत नाही, फार झाली तर बाहेर येत नाही. टाकी भरलेली, पण इंजिनाला काही मिळत नाही. मी ‘बिलगणं’ म्हणेन. बिलगलेलं सुटतं.

तत्सम: शास्त्रीय लेखात बिलगणं? त्याचं नाम काय करणार?

गवाक्ष: बिलगण. जसं वळणं-वळण.

जुना रसायनी: आणि ‘अधिशोषक’ला? बिलगवणारा?

मृण्मयी: मजकूर उद्या द्यायचाय. तूर्त ‘पोकळ्या असलेला घनपदार्थ’ लिहिलंय.

तत्सम: तीन शब्द झाले. ‘सकोष’ चालेल?

जुना रसायनी: कोष म्हटलं की जीवशास्त्र आलं. सच्छिद्रच ठेवा.