मारुती ८०० : ड्रायव्हर सीटची पाठ एका बाजूने मागे गेली आहे, फ्रेम सरळ होईल का?

परळचा_पाना
जुनी मारुती ८००. ड्रायव्हर सीटची पाठ डाव्या खांद्याला बोटभर मागे पडली आहे. टेकलं की खालून कट्‌ आवाज येतो. लिव्हर नीट लागतो, गाडीला अपघात नाही. सीटवाला म्हणतो, फोम न काढता गॅस लावून सरळ करतो. करू द्यावं का?

कानसवाला
फोमवर गॅस? अजिबात नको. फोम आतल्या आत धुमसत राहतो आणि त्याचा धूर विषारी असतो. शिवाय पाइप लाल करून वाकवला की तिथेच नरम पडतो आणि पुन्हा तिथूनच वाकतो.

अशा जुन्या छोट्या गाड्यांत पाठीचं लॉक बहुधा दरवाज्याकडच्या बाजूलाच असतं, दुसरीकडे नुसता पिव्हट, म्हणजे फिरणारा सांधा. सगळा पीळ लॉकच्या बाजूने पेलायचा, म्हणून मोकळी बाजू मागे जाते. कट्‌ आवाज म्हणजे बहुतेक लॉकच्या पट्टीचं वेल्डिंग सुटलंय.

सीट मागे सरकवून पुढचे बोल्ट काढा, मग पुढे सरकवून मागचे. कव्हरच्या रिंगा कटरने तोडा, ओढू नका, कापड फाटतं. पाठ वेगळी करण्याआधी लॉकजवळची गुंडाळीची स्प्रिंग बघा. तिच्यात ताण असतो, पक्कड निसटली तर बोट जातं. पाठ पुढे पाडली की ताण उतरतो.

पीळ असा बघा: एक सरळ सळई खालच्या दोन्ही बोल्टांवर टेकवा, दुसरी वरच्या आडव्या पाइपला बांधा आणि लांबून एका डोळ्याने पाहा. दोन्ही समांतर दिसल्या पाहिजेत. नसतील तर खालची बाजू व्हाइसमध्ये लाकडाच्या ठोकळ्यांत धरून लांब पाइपच्या तरफेने थंडच वळवा. लोखंड थोडं परत येतं, म्हणून किंचित जास्त न्यावं लागतं. हातोडा नको. पाइप चेपून चपटा झाला असेल तर तो गेला, सरळ करून उपयोग नाही.

कुर्ला_स्पेअर
मी सरळ दुसरी सीट घेतली असती. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या सीटा मिळतात. घेताना रेल, म्हणजे सीट जिच्यावर सरकते ती पट्टी, पालथी करून गंज बघा, सीट सरकवायचा लिव्हर सोडून दोन्ही बाजूंचे दात एकाच वेळी बसतात का ते तपासा. वाकलेली रेल ठोकून सरळ करू नका, बदलाच. ब्रेक मारल्यावर तिचं लॉक सुटलं तर सीट सरकते. अपघातात वाकलेली सीट असेल किंवा बेल्टचं बक्कल सीटलाच बसवलेलं असेल, तर दुरुस्तीचा विचारच नको.

परळचा_पाना
फोम काढला. लॉकच्या पट्टीजवळ वेल्डिंगला साधारण दोन सेंटिमीटरची चीर आहे. पाइप शाबूत आहे.

कानसवाला
मग दुरुस्त होईल. आधी पीळ काढा, मग वेल्डिंग. उलट केलंत तर नवा टाकाच ताण खाईल. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे धावत नाही. चीर कानसून चकचकीत करा. CO₂ वेल्डिंगवाल्याकडेच (गॅसच्या आडोशात तारेने टाके मारतो तो) जा, साध्या आर्कने पातळ पाइपला भोकं पडतात. एकेक सेंटिमीटरचे टाके, मध्ये थंड होऊ द्यायचं. अर्थचा चिमटा त्याच तुकड्याला लावायला सांगा, नाहीतर करंट लॉकच्या दातांतून जातो. लॉकवर ओलं फडकं ठेवा, आतलं ग्रीस जळलं की लॉक कोरडं अडकतं. नंतर प्रायमर, रंग, आणि पाइपच्या आत गंजरोधक मेण.

ओला_गालिचा
एक राहिलं. सीट बाहेर आहे तोवर गालिचा उचला. पावसाळ्यात पाणी शिरलेल्या गाड्यांत सीटखालचा पत्रा आणि त्याला वेल्ड केलेले नट आधी कुजतात. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला तर सीट बसवण्याआधी पत्राकाम करून घ्या. बोल्ट ८.८ ग्रेडचेच (जास्त ताकदीचे), बाजारातले साधे नकोत. चारही आधी हातानेच लावा, सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून रेल अडत नाही ना ते बघा, मगच आवळा.