जोडी खरी चालते का, हे पाहायचं कसं?

इंग्रजी शिकताना "सुटे शब्द नकोत, जोड्या पाठ करा", म्हणजे 'हेवी रेन'सारखे नेहमी एकत्र येणारे शब्द पाठ करा, असं सांगतात; हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण जोडी बरोबर की नाही, हे कळणार कसं? इथे इंदूरला माझ्याकडे येणारी मराठी मुलं घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलतात. दोन्हीकडे परीक्षा 'देतात', म्हणून इंग्रजीतही 'टेक'ऐवजी बिनदिक्कत 'गिव्ह' येतं. मनात शंकाच येत नाही, मग शब्दकोश कोण उघडणार? इंग्रजीचे भाषातज्ज्ञ हॅरल्ड पामर यांनी 1933 साली टोकियोत जपानी विद्यार्थ्यांसाठी जोड्यांचा मोठा संग्रह छापला, तो याच अडचणीपोटी.

आज गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर, म्हणजे छापील पुस्तकांत कोणते शब्द किती येतात ते दाखवणारं संकेतस्थळ, फुकट आहे. त्यात 'हेवी' लिहून एक जागा सोडा आणि तारांकन (*) टाका. छापील पुस्तकांत त्यापुढे सर्वाधिक येणारे 10 शब्द आलेखासह दिसतात. नुसती नामं हवीत तर तारांकनाला अधोरेषा आणि 'नाउन' चिकटवा (*_NOUN). ब्रिटिश, अमेरिकन वेगळं पाहता येतं. वाक्प्रचारांसाठी मात्र अलीकडची वर्षंच निवडा, कारण गाईडांमधले कितीतरी वाक्प्रचार आता फारसे कुणी वापरत नाही. आणि हा सगळा छापील मजकूर आहे, बोलण्यातलं इंग्रजी त्यात शोधू नका; त्यासाठी मुलाखती ऐकणंच बरं.