परिचय, परीक्षण, समीक्षा: नेमका फरक काय?

प्रश्न
आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी एका कादंबरीवर दोन पानं लिहून दिली. संपादकांनी कागद परत केले. समासात पेन्सिलीनं शेरा: 'हा परिचय झाला, परिक्षण हवं.' वर तोंडी म्हणाले, "समीक्षा नको हं, तेवढं कोण वाचतंय!" म्हणजे तीन पायऱ्या आहेत तर. जाणकारांनी सांगावं. 'टीका' हा शब्द मी मुद्दामच काढला नाही, लेखक आमच्याच आळीत राहतात.

एक ग्रंथपाल
संपादकांचं बरोबर आहे. पुस्तक कशावर आहे ते सांगितलं की परिचय. ते जमलंय का, कुठे जमलंय, कुठे फसलंय हे सांगितलं की परीक्षण. समीक्षा एका पुस्तकापाशी थांबेलच असं नाही. लेखकाचं आधीचं लेखन, तो वाङ्मयप्रकार, सगळं ओढून घेते. या सगळ्यांच्या खालची पायरी म्हणजे मासिकांतली 'साभार पोच': नाव, प्रकाशक, पानं, किंमत, संपलं.
गंमत म्हणजे परीक्षण लिहिणाऱ्याला आपण परीक्षक म्हणत नाही. परीक्षक एकांकिका स्पर्धेला नाहीतर दहावीच्या पेपरांना. पुस्तकावर लिहिणारा समीक्षकच, मग मजकूर दीडशे शब्दांचा का असेना.

संस्कृतवाले
दोन्हींचा धातू एकच, ईक्ष् म्हणजे पाहणे. परि + ईक्षण म्हणजे चहूबाजूंनी पाहणं, सम् + ईक्षा म्हणजे नीट पाहणं. अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा ही त्याच घरातली भावंडं. (नव्या लेखकाच्या वाट्याला बहुधा याच क्रमानं नाही, पण तिन्ही येतात.)
'टीका'ला उगाच घाबरता. टीका म्हणजे मुळात अर्थ उलगडून सांगणं. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें' ही ओवी आठवा. माउलींनी 1290 साली गीतेला नावं ठेवली असं कोणी म्हणेल का?

नागपूरहून
मूळ अर्थ काही असो, आज 'तुमच्या पुस्तकावर टीका केली' म्हटलं तर तो लेखक चहा पाजणार नाही. शब्द सरकला, आता तो मागे येत नाही.
आमच्याकडे हिंदीमुळे आणखी घोळ. हिंदीत परामर्श म्हणजे सल्ला, मराठीत पुस्तकाचा परामर्श घेतात. हिंदीतली आलोचना म्हणजे आपली समीक्षा, आणि आपल्याकडे समालोचन म्हटलं की क्रिकेट. समाचार तर विचारूच नका! तिकडे बातमी, इकडे 'खरपूस समाचार घेतला'.

ग्रंथपाल पुन्हा
मूळ प्रश्नकर्त्यांनी त्या दोन पानांतली चार वाक्यं इथे टाकावीत.

प्रश्नकर्ता
घ्या. 'लेखकाची शैली ओघवती आहे. व्यक्तिचित्रण जिवंत आहे. मुद्रणदोष टाळता आले असते. पुस्तक संग्राह्य आहे.'

ग्रंथपाल
वाटलंच. मुद्रणदोषांचं वाक्य म्हणजे बाळाला लावलेली तीट. दोष दाखवला, पण लेखकाचा नव्हे, छापखान्याचा! आणि 'ओघवती' कशावरून? तुम्हाला कुठलं पान थांबता न येता वाचावं लागलं? कुठे चार पानं उलटून पुढे गेलात?

प्रश्नकर्ता
खरं सांगू? आजोबा वारल्यावर वाटणीसाठी भांडी मोजतात, ते प्रकरण दोनदा वाचलं. शहरात गेल्यावरची पन्नासेक पानं मात्र चाळली. तिथे माणसं बोलत नाहीत, भाषण करतात.

ग्रंथपाल
हेच लिहा की. त्या भांड्यांपासूनच सुरुवात करा. 'संग्राह्य' तेवढं खोडा.

संस्कृतवाले
आणि 'परीक्षण' दीर्घ लिहा. परि आणि ईक्षण जोडताना दोन इ एकत्र आल्या की री दीर्घच होते. तुम्ही शीर्षकातही ऱ्हस्व लिहिलंय, शेऱ्यातही.

प्रश्नकर्ता
शीर्षक दुरुस्त केलं. शेरा संपादकांचा आहे, तो तसाच ठेवतो.