'एल कान्तान्ते': हेक्टर लावोचं घ्यावं की मार्क अँथनीचं?

घोडबंदरकर:
मंडळी, एक तिढा आहे. मी पाचपाखाडीत साल्साच्या क्लासला जातो (वय विचारू नका, मुलगी कॉलेजात आहे). वार्षिक कार्यक्रम घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरात आहे आणि आम्हा थोराड बॅचला 'एल कान्तान्ते' (म्हणजे 'गायक') हे साल्साचं गाणं मिळालंय. सरांनी ग्रुपवर टाकलं ते मार्क अँथनीचं, २००७ च्या सिनेमातलं. मी आपला यूट्यूबवर शोधत बसलो आणि हेक्टर लावोचं १९७८ चं मूळ गाणं हाती लागलं. दहा मिनिटांच्या वर लांब. तेव्हापासून गाडीत तेच चालू आहे. मुलगी म्हणते, "बाबा, हा माणूस नाकातून गातो." गातोच. तरी मला नवं पुन्हा लावावंसं वाटत नाही.

सरांचं म्हणणं, जुन्यात व्हायोलिनं सुरू झाली की पब्लिक वडापाव खायला बाहेर जाईल. आम्हाला मिळालीत साडेचार मिनिटं. शब्द तेच, चाल तीच, मग एवढा फरक येतो कुठून? आणि जुनं कापून बसवता येईल का?

ढोलकीवाला_वाशी:
अहो घोडबंदरकर, तुमचे सर व्यवहाराचं बोलतायत, पण तुमचा कान शाबूत आहे. मी ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि तुंबा वाजवतो, तेव्हा माझं मत वाजवणाऱ्याचं आहे, नाचणाऱ्याचं नाही.

गाणं लिहिलं पनामाच्या रुबेन ब्लेड्सनं, बसवलं विली कोलोननं, गायलं लावोनं. लावो प्वेर्तो रिकोतल्या पोन्सेचा. १९६३ साली, सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कला आला आणि पुढे कोलोनच्या बँडमध्ये गायला लागला. ब्लेड्स स्वतः कसलेला गायक, तरी हे गाणं त्यानं लावोला दिलं. का दिलं ते ऐकल्यावर कळतं. गाणं आहे गायकाबद्दलच: लोक दारात पैसे मोजून मजा करायला आलेत, दुःखाला वेळ नाही, चल बाबा, सुरू कर. हळदीला वाजवणाऱ्याला हे कोणी समजावून सांगायला नको. घरी काय झालंय ते कोण विचारतो? "ते कोळीगीत घ्या" एवढंच ऐकू येतं.

आता खरी मेख. एका कडव्यात रस्त्यावरचे लोक गायकाला थांबवून म्हणतात, अरे हेक्टर, मजा आहे बुवा तुझी, बायका काय, पार्ट्या काय. शब्दांत 'हेक्टर' हे नावच आहे. लावो ते गातो तेव्हा तो स्वतःलाच मारलेली हाक आपल्या तोंडानं सांगतो आणि पुढे म्हणतो, मला त्रास होतो का, मी रडतो का, हे कोणी विचारत नाही. हसत हसत म्हणतो, हे त्याहून वाईट. मार्क अँथनीसुद्धा 'हेक्टर'च म्हणतो, कारण सिनेमात तो लावोची भूमिका करतोय. सूर लख्ख, दम भरपूर, पण हाक दुसऱ्याच्या नावाची.

दुसरं लयीचं. लावो शब्द मात्रेच्या किंचित मागे टाकतो, आता हुकला असं वाटेपर्यंत, आणि ओळीच्या शेवटी क्लावेवर नेमका येऊन बसतो. क्लावे म्हणजे दोन बारमध्ये (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) पसरलेले पाच ठोके, तीन आणि दोन किंवा दोन आणि तीन. सगळा बँड त्यावर उभा असतो. मार्कचं गाणं ठोक्याच्या जास्त जवळ असतं, म्हणून पायाला सोपं जातं.

तिसरं, मागे कोरस सुरू झाला की गायक मधल्या जागा आपल्या मनानं भरतो. तिथे लावो सेलिया, रिवेरा आणि फेलिसियानो या थोर गायकांना सलाम करतो, यांचं ऐका आणि शिका म्हणतो. ही उपज. पण रेकॉर्ड झाली की पुढच्याला तीच पाठ करावी लागते. नाट्यसंगीतात थोरल्या बुवांची एखादी जागा पुढचे सगळे जशीच्या तशी घेतात, तसंच हे. घेणाऱ्याचं चुकतं असं नाही. फक्त घेताना पहिल्यांदा सुचल्याचा आनंद नसतो.

नेरूळची_अनु:
ढोलकीवाले काका, मार्कवर जरा अन्याय होतोय. तो न्यूयॉर्कचाच प्वेर्तो रिकन. त्याचा पहिला साल्सा अल्बम १९९३ चा आणि त्याच वर्षी जूनमध्ये लावो गेला. म्हणजे तो बाहेरून येऊन गाणं उचलणारा नाही, हे त्याच्या घरचंच आहे. माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांना लावो हे नाव त्याच्यामुळे कळलं.

घोडबंदरकर काका, मी सीवूड्सला शिकवते. जुनं बसवता येईल, पण कापाल ते पूर्ण आठ-आठ काउंटनी कापा. आठ काउंट म्हणजे दोन बार, म्हणजे एक पूर्ण क्लावे. चारवर कापलंत तर पुढचं सगळं गाणं क्लावेवर उलटं पडेल. प्रेक्षकांना कारण कळणार नाही, पण तुमचे पाय अडखळतील आणि सर तुम्हाला ओरडतील.

आणि नाचताना लावोच्या आवाजामागे जाऊ नका, तो मुद्दाम रेंगाळतो. कडवी चालू असताना टिंबालेसवाला (टिंबालेस म्हणजे पत्र्याच्या ड्रमची जोडी) ड्रमच्या पत्र्यावर टकटक वाजवत असतो. कोरस लागला की बोंगोवाला बोंगो खाली ठेवून हातात घंटा घेतो. ती घंटा कानात धरा. ती लागेपर्यंत साधं बेसिक आणि क्रॉस बॉडी (जोडीदाराशी जागा बदलायची स्टेप), टर्न आणि शाइन्स (जोडीदाराचा हात सोडून एकट्यानं करायच्या स्टेप्स) सगळे तिथून पुढे.

घोडबंदरकर:
घंटा! आत्ता हेडफोन लावून ऐकली. इतके दिवस मी त्याला ताशासारखं काहीतरी समजत होतो. अनुताई, सुरुवात जुन्याची आणि शेवट मार्कच्या जोशात, असं केलं तर? सर आणि मी दोघेही खूश.

नेरूळची_अनु:
नको. दोन्हींचा आवाज वेगळ्या काळातल्या स्टुडिओचा आहे, जोड लगेच कळेल. व्हायोलिनांचा मधला तुकडा काढा, पहिलं कडवं पूर्ण ठेवा, मग थेट कोरस. एवढ्यात साडेचार मिनिटं भरतात.

ढोलकीवाला_वाशी:
'हेक्टर'वालं कडवं मात्र कापू नका, नाहीतर मार्कचंच लावा. आणि हो, अनुताई, मार्कवर माझा राग नाही. गंमत एवढीच की २००७ ला त्याचं आलं तेव्हा गाणं लिहिणारा ब्लेड्स पनामाचा पर्यटनमंत्री होता. आपल्याकडे मंत्री झाल्यावर कविता करतात, तिकडे उलटं.

घोडबंदरकर, कापलेली फाईल इथे टाका. सांधा कुठे लागतोय ते ऐकून सांगतो. आणि घाणेकरच्या मिनीत स्पीकर रिहर्सलला नीट तपासून घ्या, ट्रेबल कमी असेल तर ती घंटा पहिल्या रांगेलाही ऐकू येणार नाही.