क्रँकसेट घेताना टक्केवारीत अडकू नका

तुम्ही विचारलंय की डोंगरात चालवायच्या सायकलला ५१०% रेंजवाला महागडा क्रँकसेट (पेडलचे दांडे, म्हणजे क्रँक, आणि पुढची दातेरी चकती) घ्यावा का. हा आकडा कॅसेटचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचा आहे, क्रँकचा नाही. मोठ्या चकतीचे ५१ दाते भागिले छोटीचे १०, म्हणजे ५१०%. चढावर पाय किती हलका फिरेल हे यावरून कळत नाही. त्यासाठी पुढच्या चकतीच्या, म्हणजे चेनरिंगच्या, दात्यांना मागच्या सर्वात मोठ्या चकतीच्या दात्यांनी भागा; उत्तर जितकं लहान, तितका पाय हलका. ३२ ला ५० नं भागलं तर ०.६४, आणि ३० ला ४६ नं भागलं तर ०.६५. फरक जवळजवळ नाहीच! तुमची कॅसेट ११-४६ आहे म्हणता, मग आधी ३० ची चेनरिंग लावून बघा. सपाटीवर टॉप स्पीड थोडा कमी होईल, पण डोंगरात कोणाला हवाय तो?

क्रँक बदलायचाच असेल तर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा अ‍ॅक्सल ज्यात फिरतो ती फ्रेममधली बेअरिंग, आधी बघा. शिमानो कंपनीच्या हॉलोटेक २ प्रकारच्या क्रँकचा अ‍ॅक्सल २४ मिमीचा, स्रॅम कंपनीच्या डब प्रकाराचा २८.९९. एकाचं बेअरिंग दुसऱ्याला चालत नाही, म्हणजे तो खर्च वेगळा धरा. मागचा हब १४८ मिमी रुंदीचा, म्हणजे बूस्ट प्रकारचा असेल तर चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर) साधारण ५२ मिमीची हवी.

चेनरिंगचे नॅरो-वाइड दाते मात्र नुसती जाहिरात नाही. एक दाता जाड, एक बारीक, त्यामुळे दगडांवरून उतरताना चेन खरंच टिकून राहते. कार्बनच्या क्रँकचे पैसे वाचवून चांगले टायर घ्या, असंच मी सांगेन.