गाडी न घेता कोमो तळ्याकाठी तीन रात्री, आई सोबत. वारेन्ना जमेल का?

निशिगंधा

मे अखेरीस नवऱ्याचं मिलानमध्ये दोन दिवसांचं काम आहे. ते उरकलं की आम्ही दोघं आणि माझी आई (वय ७१, उजवा गुडघा कुरकुरतो) तीन रात्री कोमो तळ्याकाठच्या एखाद्या लहान गावात राहायचं म्हणतोय. गाडी भाड्याने घ्यायची नाही. नवऱ्याने तिथल्या काठाकाठाच्या रस्त्यांचे व्हिडिओ पाहिले आणि आपणहून माघार घेतली.

वारेन्ना आणि बेलाज्जो यांत अडकलेय. ट्रेनचं आधी बुकिंग लागतं का? आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही, तिच्या पोटाचं काय करू? आणि बेत असा आहे: एक दिवस बेलाज्जो, एक दिवस कोमो शहर आणि लुगानो, एक दिवस बर्निनाची लाल ट्रेन. जास्त होतंय का?

खडूसकाकू

अगं, जास्त होतंय का विचारतेस आणि यादीत अख्खा दुसरा देश घातलायस! लुगानो स्वित्झर्लंडमध्ये आहे. बर्निनाची गाडी तिरानोहून निघते ती तिकडेच जाते. तीन रात्री म्हणजे हातात पुरे दिवस दोनच. दोन्ही खोडून टाक, मग पुढचं वाच.

मी मिलानला राहून अकरा वर्षं झाली, पाहुणे आले की त्यांना घेऊन वारेन्नाला जाते. म्हणजे वर्षातून तीन-चार खेपा होतातच. गाडी नसेल तर वारेन्ना, कारण रेल्वे थेट गावात येते. बेलाज्जोला रेल्वे नाही. तिथे बोटीने जा, नाहीतर कोमोहून बसने वळणं खात जा.

मिलानच्या मुख्य स्टेशनवर फलकावर वारेन्ना शोधत बसू नकोस, लिहिलेलं असतं तिरानो किंवा सोंद्रियो. तुझं स्टेशन वारेन्ना-एझिनो-पेरलेदो. ही साधी प्रादेशिक गाडी, जागा राखून ठेवणं हा प्रकारच नाही. तिकीट आज काढ की महिनाभर आधी, भाव तोच, सात-आठ युरो. कागदी तिकीट घेतलंस तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उमटवून घे, तपासनीस 'आम्ही परदेशी' ऐकून घेत नाहीत. आईला डावीकडच्या खिडकीशी बसव. लेक्को सोडलं की तळं डावीकडे येतं, मधून मधून बोगदे त्याचा विरस करतात. लेक्कोपासून वीसेक मिनिटांत उतरायचं असतं, तेव्हा बॅगा घेऊन आधीच दाराशी उभे राहा. दार आपलं आपण उघडत नाही, बटण दाबावं लागतं. माझ्या एका पाहुण्याने दार उघडायची शांतपणे वाट पाहिली आणि तो पुढच्या स्टेशनावर गेला.

आता गुडघा. वारेन्ना डोंगराच्या उतारावर वसलंय. वरच्या रस्त्यापासून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच, दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील अशा. फोटोत काय सुंदर दिसतात! चाकांची बॅग घेऊन त्यातून एकदा वर चढून बघ. म्हणून खोलीची जाहिरात वाचताना 'तळ्याचं दृश्य' दिसलं की लगेच विचार, दारापर्यंत पायऱ्या किती. स्टेशन आणि बोटीचा धक्का यांच्या मधल्या पट्ट्यात खोली मिळाली तर उत्तम, दोन्ही पाच-सात मिनिटांवर. धक्क्यापासून जुन्या गावाकडे पाण्यावरून एक लोखंडी कठड्याची वाट जाते, प्रेमिकांची वाट म्हणतात तिला. तिथेही थोडे चढउतार आहेत, पण आई मधे थांबत थांबत जाईल. थांबायलाच ती वाट आहे.

गाडी नसली की तळ्यावर मालक एकच, बोटीचं वेळापत्रक. वारेन्ना, बेलाज्जो, मेनाज्जो, कादेनाब्बिया या चौघांमध्ये दिवसभर बोटी फिरतात. बेलाज्जो पंधरा मिनिटांवर, तिकीट पाचेक युरो. गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीवर पायी माणसंही घेतात. गर्दीत तीच बरी, चढायला फळी रुंद असते. वेगवान बोटीला जादा पैसे पडतात आणि बसावं लागतं आत, काचेमागे. मग तळ्यावर आलोच कशाला?

वेळापत्रकात दोन शब्द नीट पाठ कर: फेरियाले आणि फेस्तिवो. पहिल्या वर्षी मी फेरियाले म्हणजे सुट्टीचा दिवस असं धरून चालले, कारण इटालियनमध्ये सुट्टीला 'फेरिए' म्हणतात हे नुकतंच शिकले होते. आहे बरोबर उलटं. फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. रविवार आणि सणवार ते फेस्तिवो. ऑक्टोबरातला रविवार होता, मी आणि नणंद बेलाज्जोच्या धक्क्यावर आइस्क्रीम चाटत बसलो होतो आणि आमच्या मते अजून एक बोट यायची होती. समोर वारेन्नाचे दिवे दिसत होते. रस्त्याने जायचं तर तळ्याचा (ते उलट्या Y सारखं आहे) एक पाय उतरून लेक्कोला वळसा घालून पुन्हा वर, चाळीसहून जास्त किलोमीटर. टॅक्सीने शंभरच्या वर युरो घेतले. नणंद अजून काढते तो विषय.

जेवणाचं काळजीचं कारण नाही. शेजारच्या वाल्तेलीना खोऱ्यातला पदार्थ आहे, पित्सोक्केरी. बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाच्या रुंद पट्ट्या, सोबत कोबी, बटाटा, चीज आणि लसणाच्या फोडणीचं लोणी. आपल्याकडच्या चकोल्यांची लांबची बहीण म्हण. पारंपरिक कृतीत अंडं नसतं, तरी विचारून घे. चीजमधलं रेनेट (दूध साकळवायला घालतात ते, बहुधा वासराच्या पोटातलं) आईला चालतं का ते घरीच ठरवा. सूप आणि रिसोतोला (तिकडचा मऊ भात) मांसाचा रस्सा असू शकतो. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ऊओवा' (मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत) एवढं चिठ्ठीवर लिहून ठेव. दुपारी अडीचनंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं ते सातपर्यंत. गोळ्या वेळेवर घेणाऱ्या माणसाला हे जड जातं, म्हणून जवळ काहीतरी ठेव.

भटकभवानी

काकूंशी भांडण नाही, पण गुडघा असेल तर मी मेनाज्जो म्हणेन. समोरच्या काठावर आहे. पाण्यालगतचा रस्ता लांब आणि सपाट, चौक काठालाच, किराणा घ्यायला मोठं दुकान. आम्ही सासूबाईंना तिथेच ठेवलं होतं, त्या रोज संध्याकाळी एकट्या चक्कर मारून यायच्या. वारेन्नात मी त्यांना एकटीने सोडलं नसतं.

जायला कोमोहून सी-१० बस आहे, पण सामानासकट त्यात उभं राहणं मला नाही आवडलं. मिलानहून वारेन्नापर्यंत ट्रेन आणि तिथून बोट, हेच सोपं.

खडूसकाकू

मेनाज्जोचं म्हणणं रास्त आहे. फक्त येताना-जाताना बॅगा ट्रेनमधून धक्क्यापर्यंत आणि मग बोटीत, हा एक टप्पा वाढतो. आणि परतीला रविवार असेल तर संध्याकाळची मिलानची गाडी टाळा. दिवसभराच्या सहलीला आलेलं निम्मं मिलान त्यात असतं, मी लेक्कोपर्यंत स्वच्छतागृहाच्या दाराला टेकून आलेय. सकाळची धरा. संपाचाही दिवस बघून ठेवा, 'शोपेरो' शब्द दिसला की समजायचं. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ मात्र काही ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात.

उगाचच

पायऱ्यांचं चाललंय त्यात थोडं पदार्थविज्ञान. वारेन्नातली व्हिला मोनास्तेरो चुकवू नका. मुळात नन्सचा मठ, आता बाग, संग्रहालय आणि परिषदांचं ठिकाण. १९५३ पासून तिथे भौतिकशास्त्राची उन्हाळी शाळा भरते. १९५४ मध्ये एन्रिको फर्मी तिथे शिकवून गेला आणि त्याच नोव्हेंबरात वारला. शाळेला आता त्याचंच नाव आहे. बाग पाण्याच्या कडेने लांबच लांब पसरलीय, मी एका बाकावर दीड तास बसलो आणि मला काहीही सुचलं नाही.

निशिगंधा

काकू, लुगानो आणि बर्निना खोडले. नवरा बर्निनासाठी थोडा रुसलाय. आता बेत असा: पहिला दिवस बेलाज्जो, दुसरा व्हिला मोनास्तेरो आणि दुपारी काही नाही. बेलाज्जोतही पायऱ्याच ना? आणि नवऱ्याला एकट्याने पाय मोकळे करायला काही आहे का?

खडूसकाकू

बेलाज्जोच्या बाजारगल्ल्या पायऱ्यांच्याच. त्या तू चढ, आईला व्हिला मेल्झीच्या बागेत ने. धक्क्यापासून काठाकाठाने चालत जाता येतं आणि बाग बरीचशी सपाट आहे. दहाच्या आत पोहोचा, नंतर धक्क्यावर रांगा लागतात.

नवऱ्याला वारेन्नाच्या वरच्या वेझ्झिओच्या किल्ल्यावर पाठव. अर्ध्या तासाची खडी चढण, वरून तळ्याचे दोन्ही पाय फाकलेले दिसतात. रुसवा जाईल. उरलाच दम तर फ्युमेलात्तेची नदी बघून येऊ दे. अडीचशे मीटरांत उगम ते मुख सगळं आटोपतं आणि हिवाळ्यात ती वाहतच नाही, मेमध्ये मिळेल. पाणी खडकावरून असं आपटत येतं की दुधासारखं पांढरं दिसतं, नाव त्यावरूनच.

दुपारी काही नाही हे फार छान. दुपारी तळ्यावर दक्षिणेकडून वारा सुटतो, ब्रेवा म्हणतात. आईला सावलीत खुर्ची आणि एक शाल दे.

निशिगंधा

एक घर सापडलंय, जुन्या गावात, गच्चीतून थेट तळं. घरमालकांना पायऱ्या विचारल्या. 'पोके' म्हणाले.

खडूसकाकू

पोके म्हणजे थोड्या. त्यांना रोजची सवय आहे. आकडा माग.

निशिगंधा

आकडा आला. ६४. त्यात घराच्या आतल्या धरलेल्या नाहीत.

भटकभवानी

मेनाज्जो!

निशिगंधा

हो, आईलाही तेच पटलं. धक्क्याजवळ लिफ्टवाली जागा मिळाली, गच्ची नाही. आईने फोनवर विचारलं, 'गच्ची नसली तरी तळं दिसेल ना?' खाली उतरलं की दिसेल, म्हटलं.